कॅमेरा तीन, शेवटचं गाणं

गाण्याच्या कार्यक्रमाची फिल्म कशी असावी, हे सगळ्यांना कळतं. गाणाऱ्याला आपला चेहरा जास्त हवा असतो, वाजवणाऱ्यांना आपले हात आणि निर्मात्याला गर्दी. सात कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपलेलं सगळं समोर घेऊन बसायचं, दर क्षणी त्यांतलं एक निवडायचं आणि सहा टाकून द्यायचे, हे माझं काम. तेवीस वर्षं करतेय. आता मान दुखते, बोटं आखडतात, आणि पडद्यावर टाळ्या वाजवणारी माणसं दिसली की त्यांना म्हणावंसं वाटतं, जा बाबांनो आता घरी.

या फिल्मचा निर्माता माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याला सगळे तुफान म्हणतात, कारण तो खोलीत शिरला की टेबलावरचं एक तरी काहीतरी खाली पडतं. एका मोठ्या गायिकेचा शेवटचा कार्यक्रम त्याने चित्रित करून घेतला होता. बाई सत्तरीच्या होत्या आणि यापुढे मंचावर गाणार नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. म्हणजे राहिलं तर उद्या घेऊ, ही सोय नव्हती. आलं ते आलं, गेलं ते गेलं.

कॅमेरा तीनवर माझा दादा होता. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे गेलेली. या धंद्यात मला त्यानेच आणलं, पहिली चार वर्षं त्याच्या ओरड्याखाली काढली, आणि एखादं चित्र नुसतं बरं आहे की खरं आहे हे ओळखायला मी त्याच्याकडूनच शिकले. गेली दोन वर्षं मात्र त्याला कोणी बोलवत नव्हतं. घरी बसून तो घड्याळं दुरुस्त करत असे, चालू असलेलीसुद्धा. "हात अजून दगडासारखा स्थिर आहे त्याचा, तीन नंबर त्यालाच द्या," असं मी तुफानच्या कानीकपाळी ओरडले, तेव्हा कुठे त्याने हो म्हटलं. वर ऐकवलंन, "ताई, जबाबदारी तुमची हां."

तीन नंबर म्हणजे मंचासमोर मधोमध, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर. बाकीचे सहा जण काय वाटेल ते करोत, हा एक कॅमेरा चुकून चालत नाही.

सोमवारी सकाळी मी तीन नंबरचं फुटेज उघडलं. आधी थोडा वेळ रिकामा मंच होता, पण पहिल्या गाण्याच्या जागी काहीच नव्हतं. गाणं संपल्यावर चित्र सुरू झालं: बाई पाणी पितायत, व्हायोलिनवाल्याला काहीतरी सांगतायत, रुमालाने मान पुसतायत, माइककडे वळून श्वास घेतायत. आणि बंद. दुसरं गाणं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधलं सगळं आहे. तिसरं नाही. मी शेवटपर्यंत पुढे नेत गेले आणि मग उठून खिडकी उघडली.

काय झालं ते मला लगेच कळलं. बाकीच्या पोरांनी बटण एकदा दाबलं आणि दोन तास कॅमेरे चालू ठेवले. दादा टेपच्या जमान्यातला. टेप वाया घालवायची नाही. गाणं सुरू होताना दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. नव्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तसं संपत नाही हे त्याला शंभर वेळा सांगून झालं होतं, पण त्याच्या बोटाला कोण सांगणार? आणि त्या दिवशी कुणीतरी कॅमेरा आधीच चालू करून ठेवला असावा. दादाने पहिल्या गाण्याला बटण दाबलं ते चालू करायला, पण कॅमेरा बंद झाला. तिथून पुढे दोन तास सगळं उलटं. गाणी बंद, मधलं चालू. प्रत्येक गाण्याला त्याने चेहरा पकडून ठेवला असणार, एक डोळा मिटून, श्वाससुद्धा जपून घेत. त्यातलं एक सेकंदही कार्डावर आलं नव्हतं.

कॅमेरा चालू असला की डोळा लावून बघतात त्या व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो. तो त्याला कसा दिसला नाही, हा प्रश्न मला पडला होता. पडला आणि मी बाजूला सारला. दमला असेल, म्हटलं. आपणही दमतोच की.

तुफानला फोन करून सांगणं हा सरळ मार्ग होता. मी फोन हातात घेतलासुद्धा. पण मग पुढचं सगळं दिसायला लागलं: तुफान आधी ओरडणार, मग चार जणांना सांगणार, आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या स्टुडिओंमध्ये हसं होणार की म्हाताऱ्याने शेवटच्या कार्यक्रमाचा चेहराच घालवला. दादाला पुन्हा कुणी कॅमेऱ्याला हात लावू दिला नसता. घड्याळं होतीच. मी फोन ठेवला.

मग मी ते फुटेज पुन्हा पाहिलं, या वेळी नीट.

गाणं नसतानाही दादाने बाईंना सोडलं नव्हतं. त्याच्या लेखी कॅमेरा बंद होता, पण पुढचं गाणं कधी सुरू होईल याचा नेम नाही म्हणून तो त्यांच्यावर नजर ठेवून होता. काही ठिकाणी नुसती जमीन होती, काही ठिकाणी ड्रमवाल्याची चप्पल. पण बाकी सगळीकडे बाईच दिसत होत्या. प्रेक्षकांकडे पाठ करून त्या स्वतःशी मान हलवतायत. कीबोर्डवाल्याला विचारतायत, "सूर खाली घ्यायचा का रे?" त्याने नको म्हटल्यावर डोळे मिटून घेतायत. पाचव्या गाण्याआधी त्यांचा हात इतका थरथरत होता की पेला व्हायोलिनवाल्याने धरला. आणि मग प्रत्येक वेळी त्या वळायच्या, चेहरा नीट करायच्या आणि माइककडे जायच्या. कुठल्याही गायिकेला असं पाहिलेलं मला आठवत नाही.

इतकी वर्षं या खोलीत बसून माझं एक मत झालंय. गाणं ऐकायला फिल्म लागत नाही, त्याला ध्वनिमुद्रण पुरतं. फिल्म बघताना आपल्याला वाटलं पाहिजे की आता हिला हे जमणार नाही. गर्दी दाखवून ते होत नाही, क्रेन फिरवून तर मुळीच नाही. समोरचं माणूस आत्ता पडू शकतं, आणि तरी ते पुढे जातंय, एवढं दिसलं की पुरे. ते या फुटेजमध्ये ओतप्रोत होतं.

मी तीन आठवडे खपले. गाणी दूरच्या आणि बाजूच्या कॅमेऱ्यांवर ठेवली, चेहरा जवळून दाखवलाच नाही. आणि प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या हळू करून दादाचं फुटेज लांबवलं. शेवटच्या गाण्याला सभागृहाच्या अगदी मागचा कॅमेरा घेतला. अकरा मिनिटं एकच चित्र, एकही कट नाही. एवढ्या मोठ्या अंधारात बाई अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. दुसरा इलाज नव्हता म्हणून मी तसं केलं होतं, पण एकदा बघितल्यावर त्याला पुन्हा हात लावावासा वाटला नाही.

तुफान आला, पाण्याची बाटली पाडली, बसला. फिल्म संपेपर्यंत त्याने फोनला हात लावला नाही. असं आधी कधी घडलेलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "हे असं कुणाला सुचलं? गाणं चालू असताना चेहरा दाखवायचाच नाही?"

इथे मी खरं बोलू शकले असते. फिल्म चांगली झाली होती, तो खुशीत होता, कदाचित हसण्यावारी गेलं असतं.

"दादाला," मी म्हणाले. "त्याने ठरवूनच तसं घेतलं."

"काय म्हणता! आणि मी त्यांना घ्यायला कां-कूं करत होतो." तो उठून येरझाऱ्या घालू लागला. "पुढच्या वर्षी तीन मोठे कार्यक्रम आहेत माझे. तिन्हींना दादाच."

त्या दिवशी मी फार खूश झाले होते. हे कबूल करायला हवं.

दादाला काय सांगायचं ते मी जिना उतरताना ठरवलं. त्याला फोन केला आणि म्हटलं, गाण्यांच्या मधलं तुझं थोडं फुटेज आलंय, तुझ्याकडून बंद करायचं राहिलं असेल, पण तुफानला ते फार आवडलं. विचारलं तर ठरवून घेतलं म्हण.

"राहिलं असेल," तो म्हणाला. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मग म्हणाला, "ते सोड. शेवटचं गाणं आलंय ना नीट?"

"आलंय की."

"अगं, मी तिथे हललोच नाही. पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा धरला तो धरला. मधे दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज जरा फाटला बघ, तेव्हा त्यांनी एकदा डोळे उघडले आणि सरळ भिंगात पाहिलं. माझ्याकडे. चाळीस वर्षांत असं मिळालं नव्हतं मला. फोकस एवढासा हलला असता तरी गेलं असतं. नाही ना हलला?"

"नाही रे दादा," मी म्हणाले. "फार चांगलं आलंय."

"मग झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ते मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले. खोटं बोलायला मला कधी जड जात नाही, या धंद्यात ते रोजचंच आहे. हे मात्र जड गेलं.

मधल्या काळात वहिनीचा एकदा फोन आला होता. "अगं, हे हल्ली दाराला आपटतात. परवा शेजारी ठेवलेला चहा सांडला, दिसला नाही म्हणे. तू जरा बोल ना, तुझं ऐकतात."

"वय झालं वहिनी," मी म्हटलं. "आणि लक्ष कुठे असतं त्याचं? कामं यायला लागलीत आता, डोक्यात तेच असणार." वहिनी बरं म्हणाली. माझ्या शब्दाला त्या घरात वजन आहे.

फिल्म प्रदर्शित करायच्या आधी बाईंना दाखवणं भाग होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर सगळंच मुसळ केरात. त्या आल्या, माझ्या मोडक्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःचा थरथरता हात पडद्यावर बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील.

"मी इतकी दमलेली दिसते?" त्यांनी विचारलं.

"दिसता," मी म्हणाले. लोणी लावायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"होतेच मी दमलेली. गेली दहा वर्षं." त्या पडद्याकडे वळल्या. "गाताना सगळ्यांनी पाहिलंय मला. गाण्याला घाबरताना कुणी पाहिलं नव्हतं. असू दे तसंच. समोर कॅमेऱ्यावर होते ते गृहस्थ कोण? शेवटच्या गाण्यात मी त्यांच्याकडे पाहिलं होतं."

"माझा भाऊ."

"ते रडत होते," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघून मी पुढचं गायले. त्यांना सांगा."

मी दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ते चित्र बघायला मागितलं असतं.

चित्रीकरणापासून पाच महिन्यांनी फिल्म लागली. पहिल्या खेळाला दादा नवा शर्ट घालून आला आणि माझ्या शेजारी बसला. वहिनी पलीकडे. स्वतःचं गाण्यांच्या मधलं फुटेज बघताना तो सारखा खुर्चीत सरकत होता. "हे इतकं घेतलं मी?" त्याने दोनदा विचारलं. मी शुक् म्हटलं. शेवटच्या गाण्याचं काय करायचं, याचा विचार मी पाच महिने उद्यावर ढकलत आले होते आणि आता तो उद्या समोर उभा होता.

गाणं सुरू झालं. मागचा कॅमेरा. दादा पुढे झुकला. दुसरं कडवं आलं, आवाज फाटला. तो वाट बघत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. अकरा मिनिटं त्याने आपल्या चित्राची वाट पाहिली, आणि मग दिवे लागले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तुफान लांबून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होता. दादाला तो दिसला नाही.

बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं. येताना त्याची एक पायरी चुकली, वहिनीने दंड धरला म्हणून सावरला.

"काढून टाकलंस माझं?" त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. "हललं होतं ना? मग सांगायचंस की तेव्हाच. मी काय पहिल्यांदा ऐकलं असतं?"

हो हललं होतं, असं म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण चाळीस वर्षांत मिळालेलं एकच चित्र, आणि तेही आपल्याकडून बिघडलं, असं मनात घेऊन त्याला घरी जाऊ द्यायचं? ते मात्र माझ्याच्याने झालं नाही.

"नव्हतंच ते, दादा. कार्डावर एकही गाणं नव्हतं. बटण उलटं पडलं होतं. पहिल्यापासून."

त्याने हात वर करून डोळ्याच्या कडेजवळ धरला, थोडा पुढे आणला, पुन्हा मागे नेला.

"लाल ठिपका," तो म्हणाला. "मला वाटलं, या नव्या कॅमेऱ्यात तो नसतोच."

"दादा?"

"नजरेच्या मधोमध असतं ते सगळं स्वच्छ दिसतं गं. बाई दिसत होत्या, पापण्यासुद्धा. बाजूचं जरा…" तो थांबला. "कोणाला सांगणार? सांगितलं की कॅमेरा गेला. आणि तू म्हणालीस सगळं फार चांगलं आलंय. मग मी म्हटलं, आपल्याला उगाच वाटतंय."

वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. आपण घरात जे सांगत होतो ते खरं होतं, हे तिला तेव्हा समजलं असावं. तिने दादाचा दंड पुन्हा धरला.

चौथ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ मिळाली. वहिनीला बरं नव्हतं, म्हणून मी गेले. एका यंत्रात हनुवटी ठेवून दादाला बसवलं. समोर बघायचं, कडेला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते, मला दिवे दिसत होते. वर, खाली, डावीकडे, पुन्हा डावीकडे. दादा तल्लीन होऊन बसला होता, हात दगडासारखा स्थिर, आणि बटण दाबतच नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, कामाने पिचलेल्या. त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवला. मधे एक पांढरा गोल आणि भोवती सगळं काळं.

"काचबिंदू. डोळ्यांतला दाब फार वाढलाय. थेंबांनी आता पुढचं थांबवता येईल, पण गेलेलं परत येत नाही. आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. कॅमेऱ्याचं काम करता ना? ते आता विसरा." त्यांनी पेन उचललं. "त्रास पहिल्यांदा लक्षात कधी आला?"

"आत्ताच, गेल्या आठवड्यात," दादा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "पाच महिने झाले. पाच महिन्यांपूर्वी मला कळलं होतं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "पाच महिने? आणि तुम्ही यांना आत्ता आणताय?"

माझ्याकडे बघायला दादाला सगळी मान वळवावी लागली. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान पुन्हा सावकाश डॉक्टरांकडे फिरवली.

"हिचा काही दोष नाही हो," तो म्हणाला. "ही तेव्हापासून मागे लागली होती, चल चल म्हणून. मीच ऐकलं नाही."

मग डॉक्टर त्याला बोलायला लागल्या. एवढी काळजी करणारी बहीण आहे, कळत कसं नाही तुम्हाला, माणसांना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा काम मोठं होतं, मग येतात रडत. त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि दादा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. मी एक शब्द बोलले नाही.